मदत हवी आहे: पायथनच्या नव्या आवृत्तीतल्या बदलांचं टिपण, सोमवारपर्यंत

घाईत_घाटकोपर:
आम्ही पायथन ३.१३ वर जातोय. टीमसाठी ‘काय काय बदललं’ असं टिपण करायचंय, सोमवारी द्यायचंय. अधिकृत ‘व्हॉट्स न्यू’ पान उघडलं तर ते संपतच नाही, आणि त्यातला मोठा भाग सी एपीआयचा (सी भाषेतून पायथनशी जोडणी करणाऱ्यांसाठीचा), जो आमच्या कामाचा नाही. चेंजलॉग तर त्याहून भयंकर. कुणाकडे तयार साचा आहे का? नाहीतर काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तरी सांगा. ‘आधी सगळे पीईपी (पायथनमधल्या बदलांचे प्रस्ताव) वाचा’ असले सल्ले कृपया नकोत.

सेमीकोलन:
कुठून ३.१३ वर? ३.१२ वरून असाल तर दोन पानांत काम होईल. ३.६ वरून असाल तर सोमवार विसरा.

बोरिवली_फास्ट:
ओएस कुठली? टिपण वाचणार कोण, कोड लिहिणारे की सर्व्हर सांभाळणारे? नमपाय, पांडाज या आकडेमोडीच्या लायब्ररी वापरता का? यातलं काहीच न सांगता साचा मागताय राव.

घाईत_घाटकोपर:
३.८ वरून, अजून कुठून. सर्व्हर लिनक्स, टीमची मशीनं विंडोज. वाचणारे डेव्हलपर. पांडाज अर्थातच आहे, बॅक ऑफिसचं काम आहे. साचा?

गोफण:
हेच गो भाषेत असतं तर हे टिपण लिहावंच लागलं नसतं. गो १ चं सुसंगततेचं वचन २०१२ पासून पाळलं जातंय. विचार करा.

सेमीकोलन:
@गोफण, सोमवारपर्यंत अख्खं बॅक ऑफिस गो मध्ये? बरं.

@घाईत_घाटकोपर, ३.८ वरून म्हणजे तुम्ही चुकीचं पान उघडलंय. ३.१३ चं पान फक्त ३.१२ आणि ३.१३ मधला फरक सांगतं. तुम्हाला ३.९, ३.१०, ३.११, ३.१२ आणि ३.१३ अशी पाच पानं लागतात. डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) ३.१२ मध्ये गेलं, कलेक्शन्समधून थेट मॅपिंग आयात करणं ३.१० मध्ये बंद झालं, एकोणीस जुनी मॉड्यूल्स ३.१३ मध्ये गेली. एकाच पानावर हे सगळं मिळणार नाही.

पण घाबरू नका, प्रत्येक पानाचे मथळे ठरलेले आहेत. सी एपीआय, बिल्ड आणि ऑप्टिमायझेशन सरळ सोडा. ‘रिमूव्ह्ड’ आणि ‘पोर्टिंग टू’ हे दोन शब्दन् शब्द वाचा. ‘डेप्रिकेटेड’ (पुढे काढून टाकणार असलेलं) फक्त ३.१३ च्या पानावरचं वाचा, आधीच्या चार पानांवरचं बरंचसं तोपर्यंत ‘रिमूव्ह्ड’मध्ये आलेलं असतं. ‘न्यू फीचर्स’ला टिपणात जास्तीत जास्त पाच ओळी. मॅच-केसची नवी रचना आवडो न आवडो, त्यामुळे चालू कोड मोडत नाही.

चाचणीमास्तर:
पानं वाचून टिपण करणं हीच चुकीची वाट आहे. तुमच्या कोडला काय लागू आहे ते तुमचा कोडच सांगेल. डेप्रिकेशन वॉर्निंग एरवी दडवलेल्या असतात, त्या उघड करा आणि तीन पायऱ्यांत टेस्ट चालवा:

३.९ वर: कलेक्शन्सवाल्या आयाती सापडतील. ३.१० वर त्या थेट इम्पोर्ट एरर देतात.
३.११ वर: सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब, पाइप्स, आयएमजीएचडीआर, ऑडिओऑप वगैरे एकोणीसही मॉड्यूल्स अजून जिवंत असतात आणि आयात करताच इशारा देतात. डिस्टयुटिल्स, इम्प, असिंककोरही इथेच सापडतात, कारण ३.१२ वर ते नाहीतच.
३.१२ वर: डेटटाइमचं यूटीसीनाऊ, आणि साध्या स्ट्रिंगमधले चुकीचे बॅकस्लॅश. हे दुसरे आता सिंटॅक्स वॉर्निंग म्हणून दिसतात.

हायफन कॅपिटल डब्ल्यू या फ्लॅगला ‘एरर’ लावू नका, पहिल्याच परक्या लायब्ररीवर अडकून बसाल. ‘डिफॉल्ट’ लावा, सगळं आउटपुट फाइलीत घ्या, सॉर्ट करून दुहेरी ओळी काढा. ती यादी म्हणजेच तुमचं टिपण.

एक खोच आहे. बॅकस्लॅशची वॉर्निंग फाइल कंपाइल होतानाच येते. पीवायसी कॅशे (आधी कंपाइल करून ठेवलेली प्रत) तयार असेल तर दुसऱ्यांदा दिसत नाही आणि माणूस समजतो की दुरुस्त झालं. त्यासाठी कंपाइलऑल हायफन एफ लावून सक्तीनं पुन्हा चालवा.

लॉगवाचक:
मास्तर, तुमच्या यादीत नेमके घातक बदलच येणार नाहीत. इशारा देऊन मोडणारा बदल हा सज्जन बदल. त्याला टिपणात एक ओळ पुरते, कारण तो स्वतःच ओरडतो. जो बदल वॉर्निंग देत नाही, एरर देत नाही आणि वेगळंच उत्तर देतो, त्यासाठी टिपण लिहायचं असतं.

उदाहरण ३.११ मधलं. स्ट्रिंग आणि इनम (ठरावीक पर्यायांना नावं देणारा प्रकार) दोन्हींचा वारसा घेतलेला क्लास असेल, समजा सेगमेंट, त्यात ईक्यू ची किंमत ‘ईक्यू’, आणि तुम्ही एफ-स्ट्रिंगमध्ये तो घालून फाइलीचं नाव बनवता. ३.८ वर नाव येतं ‘ईक्यू_फाइल’. ३.११ पासून येतं ‘सेगमेंट.ईक्यू_फाइल’. प्रोग्राम आनंदानं चालतो, फाइल तयार होते, पुढचा जॉब म्हणतो फाइल आलीच नाही. इंटइनममध्ये उलटं: पूर्वी एसटीआर केल्यावर नाव यायचं, आता आकडा येतो. लॉगमध्ये नाव शोधणारं ग्रेप तेव्हापासून रिकामं.

उपाय: जिथे जिथे मजकुरात जातं तिथे डॉट व्हॅल्यू लिहा. ३.८ वरही चालतं. स्ट्रइनम सुचवतील कुणीतरी, पण तो ३.११ मध्येच आला, म्हणजे जुन्या सर्व्हरवर आधी सोडता येत नाही.

चाचणीमास्तर:
फाइलीचं नाव तपासणारी टेस्ट असती तर तेही सापडलं असतं.

लॉगवाचक:
असती तर. ‘टेस्ट लिहा’ हे या धाग्याचं उत्तर नव्हे.

बोरिवली_फास्ट:
मूक बदल पकडायला माझी पद्धत: सीपायथनची (पायथनच्या मूळ सोर्स कोडची) रिपॉझिटरी क्लोन करा. कागदपत्रांच्या डॉक फोल्डरमध्ये प्रत्येक बदलाशेजारी ‘व्हर्जनचेंज्ड’ हा स्फिंक्सचा (कागदपत्रं बनवायच्या साधनाचा) निर्देश असतो, पुढे आवृत्ती क्रमांक. ३.१३.० च्या टॅगवर डॉक/लायब्ररीपुरतं गिट ग्रेप लावा, ३.९ ते ३.१३ एकेक करून. मग फक्त तुमच्या कोडमध्ये आयात होणारी मॉड्यूल्स ठेवा. बहुतेक कोडमध्ये ती तीस-चाळीसच्या वर नसतात, त्यामुळे यादी आवाक्यात येते. ‘व्हर्जनॲडेड’ घेऊ नका, नुसती गर्दी होते.

सेमीकोलन:
चांगलं आहे, पण सगळ्या बदलांना तो निर्देश लावलेला असतोच असं नाही. म्हणून ‘पोर्टिंग’चा भाग वाचायचाच. आणि ‘इम्प्रूव्ह्ड मॉड्यूल्स’ हा मथळा फसवा आहे, तो विसरू नका. ३.१३ मध्ये एसएसएलची डिफॉल्ट तपासणी कडक झाली, ते तिथेच लिहिलंय. सुधारणाच आहे ती, पण कंपनीच्या आतल्या सीएनं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेनं) दिलेल्या जुन्या सर्टिफिकेटांवर ‘मिसिंग अथॉरिटी की आयडेंटिफायर’ म्हणून कनेक्शन तुटतं. खरा उपाय सर्टिफिकेट नव्यानं काढून घेणं. तोवर कॉन्टेक्स्टच्या व्हेरिफाय फ्लॅग्जमधून फक्त ‘एक्स५०९ स्ट्रिक्ट’ काढा, पूर्ण व्हेरिफिकेशन बंद करू नका. ३.१० मध्येही कमीत कमी टीएलएस १.२ झालंय, म्हणजे पलीकडचा सर्व्हर फार जुना असेल तर तिथेही अडेल.

घाईत_घाटकोपर:
इनमवालं आमच्याकडे आहे. आत्ता ग्रेप केलं, बऱ्याच ठिकाणी आहे. एसएसएलचं नेटवर्कवाल्यांना विचारतो. पण टिपणाचा साचा अजून कुणी दिला नाही!! आवृत्तीनुसार लिहू की मॉड्यूलनुसार?

लॉगवाचक:
दोन्ही नको. बदल कसा प्रकट होतो त्यानुसार लिहा. चार भाग:
१. सुरूच होत नाही (आयात, सिंटॅक्स)
२. चालता चालता पडतं
३. पडत नाही, उत्तर बदलतं
४. आज चालतंय, पुढे जाणार आहे

तिसरा भाग टिपणात सगळ्यात वर ठेवा आणि त्याला सर्वांत जास्त जागा द्या. प्रत्येक नोंदीत: काय बदललं, कोणत्या आवृत्तीत, दिसतं कसं (एरर असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा, कारण लोक तोच शोधतात), कोडमध्ये शोधायचं कसं, जागी काय लिहायचं, आणि ‘नवं लिहिलेलं ३.८ वरही चालतं का’. हा शेवटचा रकाना सोडू नका. उत्तर हो असेल तर ती दुरुस्ती आजच सोडता येते, आणि बदलीच्या रात्रीसाठी उरतात फक्त ‘नाही’वाल्या.

नमुना: पाइप्समधलं कोट → शलेक्समधलं कोट. चालतं. स्ट्रटूबूल (डिस्टयुटिल्स) → स्वतःचं आठ ओळींचं फंक्शन. चालतं. मूळ फंक्शन ट्रू-फॉल्स नव्हे, १ आणि ० देतं, हे नोंदीत लिहा. लूजव्हर्जन → पॅकेजिंग लायब्ररीतलं व्हर्जन. चालतं, पण वाकड्यातिकड्या आवृत्ती-क्रमांकांवर ते अपवाद फेकतं. झोनइन्फो (टाइमझोनचं मॉड्यूल) → ३.९ पासूनच. विंडोजवर टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाका, नाहीतर ‘आशिया/कोलकाता’ सापडत नाही.

सेमीकोलन:
डिस्टयुटिल्सच्या नोंदीत एक भर. ज्या मशीनवर सेटअपटूल्स टाकलेलं आहे तिथे ३.१३ वरही डिस्टयुटिल्स आयात होतं, कारण सेटअपटूल्स स्वतःची प्रत पुढे करतं. ३.१२ पासून नव्या व्हेन्वमध्ये (पायथनच्या स्वतंत्र वातावरणात) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. म्हणून ‘माझ्याकडे चालतंय, सर्व्हरवर नाही’ हा वाद होणार. तपासणी कायम कोऱ्या व्हेन्वमध्ये करा.

चाचणीमास्तर:
यूटीसीनाऊबद्दल सगळे ‘नाऊ मध्ये टाइमझोन.यूटीसी द्या’ एवढंच लिहितात. ते तसंच्या तसं बदललंत तर भाग चारमधली गोष्ट भाग दोनमध्ये येऊन पडेल. जुनं फंक्शन टाइमझोन नसलेली वेळ देतं, नवं टाइमझोनसकट. डेटाबेसमधून आलेल्या साध्या वेळेशी तुलना केली की टाइप एरर. आयएसओफॉरमॅट केलं तर शेवटी अधिक शून्य-शून्य चिकटतं आणि ठरावीक लांबीची रांग वाचणारा जॉब कोलमडतो. जुनंच वर्तन हवं असेल तर पुढे रिप्लेस करून टीझेडइन्फो नन करा, वॉर्निंग जाते, अर्थ बदलत नाही. टाइमझोनचं शुद्धीकरण नंतर, स्वतंत्रपणे.

गोफण:
त्यापेक्षा सगळीकडे पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी वापरा, जुन्या-नव्या दोन्हीवर चालतं.

लॉगवाचक:
आणि डेटटाइम बनवताना टीझेडइन्फो म्हणून पायटीझेडचा कोलकाता झोन थेट दिलात की ५:३० ऐवजी ५:५३ चा फरक मिळतो. लोकलाइझ वापरावं लागतं, निम्मे लोक विसरतात. शेअर बाजार ९:१५ ला उघडतो म्हणजे यूटीसी ३:४५. या चुकीनं ते ३:२२ होतं. नव्या टिपणात पायटीझेड नको.

दादर_बदला:
५:५३ वरून आठवलं, मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, म्हणजे आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती शहरात १९५५ पर्यंत टिकली. देशभर एकच वेळ १९०६ लाच आली होती!

बोरिवली_फास्ट:
उत्तम माहिती. वेगळा धागा काढा.

@घाईत_घाटकोपर, सगळे भाषेवर बोलताहेत, पण तुमचा निम्मा त्रास भाषेचा नसणार. नमपाय १.२६ हे ३.१२ पर्यंतच. ३.१३ साठी तयार व्हील्स (थेट बसवता येणारी पॅकेजेस) २.१ पासून, म्हणजे तुम्ही नमपाय २ वर जाताय, इच्छा असो वा नसो. तिथे कॅपिटलवालं नॅन आणि इन्फ, फ्लोट अंडरस्कोर ही नावं गेली. शिवाय एकट्या संख्येचा रेप्र (छापील रूप) आता ‘एनपी.फ्लोट६४(३.०)’ असा छापला जातो. यादीत ठेवून ती स्ट्रिंग करून फाइलीत लिहीत असाल तर भाग तीन. पांडाज २.२.३ घ्या.

घाईत_घाटकोपर:
हे कुणीच आधी का सांगितलं नाही? नमपाय १.२१ वर आहोत.

बोरिवली_फास्ट:
दुसऱ्याच प्रतिसादात विचारलं होतं, वर पाहा. १.२१ वरून मध्ये १.२६ वर थांबा, ३.९ ते ३.१२ वर ते चालतं. म्हणजे आधी ३.१२ अधिक १.२६, सगळं हिरवं झालं की मग ३.१३ अधिक २.१. एकाच रात्री दोन्ही केलंत तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

जोडाक्षर:
टिपण मराठीत असेल आणि स्फिंक्समधून पीडीएफ काढणार असाल तर लेटेक इंजिन झीलेटेक ठेवा, डिफॉल्ट पीडीएफलेटेकला देवनागरी झेपत नाही. फॉन्ट ‘मुक्त’ नावाचा घ्या, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, फुकट आहे. मेन फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी हा पर्याय नाही लावलात तर जोडाक्षरं फुटतात.

घाईत_घाटकोपर:
पीडीएफ नाही हो, विकीवर टाकायचंय. चार भागांचा साचा घेतला. भाग तीन: इनम आणि नमपायचा रेप्र झाले, यूटीसीनाऊ भाग चारमध्ये इशाऱ्यासकट टाकलं. सीजीआयच्या जागी काय लिहू? एका ठिकाणी फॉर्ममधून फाइल अपलोड घेतो आम्ही.

सेमीकोलन:
सीजीआयमधलं फील्डस्टोरेज असेल तर मल्टिपार्ट नावाचं पायपीआयवरचं (पायथन पॅकेजांच्या भांडारातलं) पॅकेज. वेळच नसेल तर लेगसी-सीजीआय, तेच मॉड्यूल बाहेर काढून ठेवलंय. नुसतं पार्सहेडर वापरत असाल तर ईमेल.मेसेजमधला मेसेज क्लास पुरतो, आणि तो ३.८ वरही आहे. कोणतं वापरता?

घाईत_घाटकोपर:
दोन्ही.