आर्किटेक्टचं रोजचं काम कसं असतं? बडोदेकरांनो, अनुभव सांगा

भाची बारावीत आहे, नाटाची (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतेय. चित्रं सुरेख काढते, म्हणून घरच्यांनी तिला आर्किटेक्ट ठरवूनच टाकलंय. पाच वर्षांचा कोर्स, मग कौन्सिलची नोंदणी, इतपत माहिती आहे. पण दिवस कसा जातो, पैसा कधी दिसू लागतो, हे त्यातल्या माणसांनीच सांगावं. मोकळेपणानं लिहा.

मांजलपूर, स्वतःचं छोटं ऑफिस

चित्रकला कामी येते, पण दिवसातला थोडाच वेळ. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी साईटवर असतेच. सळ्यांचं अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे ना, सळ्या तळापासून वर राहाव्यात म्हणून खाली कव्हर ब्लॉक लावलेत ना, वायरिंगचे पाइप आणि पंख्यांचे बॉक्स जागेवर आहेत ना, बाथरूमचा स्लॅब खाली घेतलाय ना. आणि झोपाळ्याचे हूक! आपल्या बडोद्यात घर मराठी असो की गुजराती, झोपाळा हवाच. हूक बीमच्या सळ्यांना आधीच बांधून घ्यावे लागतात. नंतर आठवलं तर ड्रिल मारून अँकर बसवतात. जिथे घरातली माणसं रोज झुलणार, तिथे मला ते पटत नाही.

कडियाशी, म्हणजे गवंड्याशी, गुजरातीत, सेंटरिंगवाल्याशी हिंदीत, आजींशी मराठीत. आजींना ईशान्येला देवघर हवं, सूनबाईंना तिथेच मोठी खिडकी. दोघींचं ऐकून मार्ग काढायचा, आणि माझ्या लेखी तेच खरं डिझाइन.

अलकापुरी, नोकरी

सुरुवातीला पगार कमी असतो, हे आधीच कळलेलं बरं. दिवसभर वर्किंग ड्रॉइंग: जिन्याचे सेक्शन, दारं-खिडक्यांचे तक्ते, टाइल्सची मांडणी. रजाचिठ्ठीसाठी (बांधकाम परवानगीसाठी) मार्जिन म्हणजे सोडायची मोकळी जागा, पार्किंग, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल, यांचे हिशेब वेगळेच. मला हे काम मनापासून आवडतं.

रावपुरा, जुन्या घरांची दुरुस्ती

भाचीला तांबेकर वाडा दाखवा. भिंतींवरची चित्रं सगळेच बघतात, तिला लाकूडकामही निरखून बघायला सांगा.

जुन्या घरांवर सिमेंटचा गिलावा चढवलेला मला बघवत नाही. चुन्यात बांधलेली वीट ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट आलं की ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि विटेचा हळूहळू भुगा होतो. मालकांना हे समजावण्यात माझा निम्मा वेळ जातो, कारण चुन्याला दिवस लागतात, आणि तो नीट करणारे गवंडीही शोधावे लागतात. तरी एखादं कुटुंब ऐकतं, वाडा न पाडता त्यातच राहतं, तेव्हा या व्यवसायात आल्याचं सार्थक वाटतं.

कारेलीबाग, बरीच वर्षं प्रॅक्टिस

फीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. "नुसता प्लॅन काढून द्या, पुढचं बघू" हे ओळखीतलेच जास्त म्हणतात. एका बिल्डरने माझे प्लॅन मंजूर होताच पुढचं काम दुसऱ्याला दिलं आणि राहिलेली फी बुडवली. म्हणून पहिल्या रेघेआधी ॲडव्हान्स आणि लेखी करार. पुढे कॉन्सेप्ट, मंजुरी, वर्किंग ड्रॉइंग, बांधकाम असे टप्पे पाडून फी घ्यायची. सख्ख्या मेव्हण्याच्या घराचं काम असलं तरी हेच.

ताई, भाचीला सुट्टीत माझ्या साईटवर पाठवा. पायाचं काम चालू आहे. सकाळी आठला यायचं, बंद बूट घालून, वही आणि मेजर टेप घेऊन.