बायसेक्शुअल असणं ही आता फॅशन झालीय का?

दादरकर: परवा मावशीकडे जेवायला गेलो तर मावसबहिणीने सांगून टाकलं की तिला मुलगेही आवडतात आणि मुलीही. मावशी म्हणाली कॉलेजची हवा लागलीय, उतरेल. मला मावशीचं पटतंय थोडं. अमेरिकेत गॅलपच्या सर्वेत स्वतःला एलजीबीटी म्हणवणारे २०१२ला ३.५ टक्के होते, २०२४ला ९.३ झाले, त्यात निम्म्याहून जास्त बायसेक्शुअल. बारा वर्षांत माणसं एवढी बदलतात?

गिरगावकरीण: माणसं नाही, सांगायची हिंमत बदलली. मी ४३ची, दोन मुलं आहेत. बारावीत क्लासमधल्या एका मुलीसाठी चर्नी रोड स्टेशनवर दोन-दोन लोकल सोडायचे, आणि त्याला काही नाव असतं हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका झाली ती सप्टेंबर २०१८मध्ये. त्याआधी कुणी फोन करून विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं ना!

ठाणेकर: पण ताई, तुमचं लग्न झालंय, संसार चांगला चाललाय, मग आता हे लेबल कशाला?

गिरगावकरीण: लग्न झाल्यावर तुम्हाला दुसरी कुठलीच बाई सुंदर दिसायची बंद झाली का हो? मी नवऱ्याशी एकनिष्ठ आहे आणि बाय पण आहे, नवऱ्याला पहिल्यापासून माहितीय.

परळकर: मी गे आहे आणि माझा राग वेगळाय. चार वर्षं एकाबरोबर होतो, तो बाय, घरच्यांनी मुलगी दाखवली आणि हा बोहल्यावर चढला. यांना परतीची वाट असते, आम्हाला नसते.

गिरगावकरीण: दादा, तुमच्याशी वाईटच वागला तो. पण घरच्यांच्या दबावाने लग्न केलेले गे पुरुषही ढिगाने आहेत, त्यांना कोण परतीची वाट म्हणत नाही. आणि १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, म्हणजे त्याच्या दोन प्रेमांपैकी एकाचीच नोंदणी होऊ शकते. घरचे त्याच बाजूला ढकलणार.

परळकर: ढकललं तरी मला आधी सांगायला हवं होतं. पत्रिका व्हॉट्सॅपवर आली मला.

दादरकर: हवा लागलीय हे मी मागे घेतो. पण १९व्या वर्षी एवढी खात्री कशी असते हे मला अजून कळत नाही.

गिरगावकरीण: तिला तेच विचारा की, आमच्याशी काय वाद घालताय.