एसव्हीटीला (हृदयाचे ठोके अचानक लई जोरात पळतात तो त्रास) अ‍ॅडेनोसिन इंजेक्शन, कुणाला अनुभव हाय का?

रंकाळाकर: परवा रात्री आईचे ठोके एकदम 190 झाले, राजारामपुरीतनं रिक्षानं दवाखान्यात नेलं, आधी सिरिंजमध्ये फुंकायला लावून पाय वर केले पण काय फरक नाही, मग अ‍ॅडेनोसिन 6 मिलीग्रॅम, नंतर 12. मॉनिटरवर दोन-तीन सेकंद सरळ रेघ! आई म्हणते "मरतो की रं मी आता". हे नॉर्मल हाय का?

सिस्टर_ताई: दादा, आयसीयूत हे नेहमीचंच. हृदयाच्या वरच्या कप्प्यातनं खाली जाणारा करंट एव्ही नोडमध्ये (दोन्ही कप्प्यांमधला करंटचा सांधा) क्षणभर अडतो, करंटचं गोल फिरणारं चक्र तुटतं आणि ठोके लायनीवर येतात. औषध रक्तात 10 सेकंदसुद्धा टिकत नाही, म्हणून कोपराच्या शिरेत झटक्यात ढकलायचं आणि लगेच सलाईन मारायचं, हळू दिलं तर वाया. छातीत दाबल्यागत, तोंड लाल, जीव जातोय असं वाटतं पण मिनिटभरात सगळं ओसरतं. आम्ही पेशंटला आधीच सांगतो, तुम्हाला सांगायला पाहिजे होतं खरं. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, तेव्हा शक्यतो टाळतात.

पांढरा_रस्सा: मला दोनदा दिलंय, लई वाईट वाटतं. चहा-कॉफी जास्त झाली तर त्याचा असर कमी होतो म्हणे. आणि भावा, यानं तेवढ्यापुरतं थांबतं, परत होऊ शकतं. मी शेवटी अ‍ॅब्लेशन (शिरेतनं नळी घालून करंटचा चुकीचा रस्ता जाळतात ते) करून घेतलं. त्या वेळचा ईसीजी जपून ठेव, पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.

रंकाळाकर: दमा नाही, पण चहा दिवसाला सहा कप 😅 ईसीजी मागून घेतो उद्या.