शंभरी ओलांडलेल्या धावपटूंचे विक्रम खरोखर विक्रम मानावेत का?

पार्क मैदानकर (चर्चाप्रस्ताव)
जून २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या राष्ट्रीय खुल्या मास्टर्स (म्हणजे प्रौढ व वृद्ध खेळाडूंच्या) स्पर्धेत हरयाणाच्या १०५ वर्षांच्या रामबाईंनी १०० मीटर अंतर ४५.४० सेकंदांत कापले आणि शतायुषी धावपटू मान कौर यांचा २०१७ मधील ७४ सेकंदांचा विक्रम मोडला. त्यांच्यासोबत धावायला मात्र कोणीच नव्हते. जिथे हरवण्यासाठी समोर कोणी नाही, तिथे कौतुक जरूर करावे, पण विक्रमाचा दर्जा देऊ नये, असे माझे मत आहे.

विडी घरकुलकर
असहमत. विक्रम घड्याळाशी असतो. त्याच वर्षी फिनलंडमधील टाम्परे येथे ९४ वर्षांच्या भगवानी देवींनी १०० मीटर शर्यतीत २४.७४ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. हा वेग ताशी साडेचौदा किलोमीटर होतो, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तो शंभर मीटर टिकवता येईल, हे प्रत्येकाने मनाशीच ठरवावे. झटकन आकुंचन पावून वेग देणारे स्नायुतंतू वयानुसार आधी क्षीण होतात, ढांग आखूड पडते, पाऊल जमिनीवर अधिक वेळ रेंगाळते. म्हणून उतारवयात लांब चालण्यापेक्षा जोरात धावणे कितीतरी कठीण असते.

निवृत्त गुरुजी
माझी हरकत वयाच्या पुराव्याला आहे. शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिली गेलेली पिढी अजून हयात आहे (हे पुण्यकर्म आमच्याच व्यवसायबंधूंचे), आणि शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रियांचे वय तर ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता’ अशा आठवणींवरून ठरते. मास्टर्सचे गट पाच-पाच वर्षांचे असल्यामुळे कागदावर दोन वर्षे वाढली, तरी स्पर्धक वरच्या, सोप्या गटात जाऊ शकते.

विडी घरकुलकर
गुरुजी, शंका रास्त आहे. पण तिचा निकाल कागदपत्रांच्या छाननीने लागावा, सर्वच वृद्ध स्त्रियांवर अविश्वास दाखवून नव्हे. शिवाय स्पर्धक कमी का, तेही पाहावे: ज्या बाईचे तारुण्य सुपात पाने घेऊन दिवसभर विड्या वळण्यात गेले, तिला मैदान दाखवले कोणी? मान कौरही ९३व्या वर्षी धावू लागल्या.

पार्क मैदानकर
कारण काहीही असो, स्पर्धा एकटीचीच राहते. निदान प्रत्येक नोंदीपुढे धावणाऱ्यांची संख्या छापावी.

विडी घरकुलकर
अवश्य छापावी, पुरुषांच्या शंभरीपुढील नोंदींसमोरही. तिथेही काही रांग लागलेली नसते.