उंदरांनी कुरतडलेले वायरिंग : पूर्ण सेट बदलावा की तुटलेल्या ठिकाणी जोड द्यावेत?

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची २००५ सालची मारुती ८०० आहे. कोल्हापुरातील कसबा बावड्यात आमच्या घराला लागूनच उसाचे शेत आहे आणि यंदाच्या पावसाळ्यात गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तीन महिने उभी राहिली. गणपतीच्या आधी बोनेट उघडले, तेव्हा बॅटरीखाली पाचटाचे घरटे होते आणि इंजिनकडून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरी जागोजागी कुरतडलेल्या होत्या. काही ठिकाणी तांबे उघडे पडले आहे, तर चार वायरी पूर्ण तुटल्या आहेत.

पहिल्या इलेक्ट्रिशियनने संपूर्ण वायरिंग सेट बदलण्याचे मजुरीसह १४,५०० रुपये सांगितले. माझी तयारी ६,००० रुपयांपर्यंतची आहे. दुसऱ्याने वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली आणि रेडिएटरच्या पंख्याचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडत होता म्हणून तिथे ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज बसवला. दहा मिनिटांत जळका वास आल्यामुळे मी तो ताबडतोब काढला. वायर तापण्याआधी फ्यूज जावा यासाठीच तो असतो, त्यामुळे मोठा फ्यूज टाकणे हा उपाय मला कदापि मान्य नाही. पंख्याला डॅशबोर्डवर वेगळे बटण देण्याचा त्यांचा सल्लाही मी नाकारला, कारण गर्दीत एकदा बटण दाबायचे राहिले तर इंजिन तापून हेड गॅस्केटच (इंजिनच्या वरच्या भागाचे सील) जाईल.

त्यानंतर मल्टिमीटर घेऊन मी स्वतः काही तपासण्या केल्या. पंख्याची मोटर थेट बॅटरीवर जोडली असता व्यवस्थित फिरते, म्हणजे दोष वायरिंगमध्येच असावा. डावा हेडलाईट मंद होता. तो चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट, पण होल्डरवर १०.६ व्होल्टच मिळत होते. होल्डरच्या अर्थपासून (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह टोकापासून) बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती वायर लावताच तेथे १२ व्होल्ट आले. अर्थचा बोल्ट खोलून, गंज घासून पुन्हा आवळल्यावर तो प्रश्न मिटला, आणि यासाठी एक रुपयाही लागला नाही.

खरी अडचण बॅटरी उतरण्याची आहे. किल्ली काढलेली, दारे बंद, तरीही ०.३८ अँपिअर प्रवाह जात आहे. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. या हिशेबाने दोन दिवसांत निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी होते आणि तिसऱ्या दिवशी सेल्फ लागत नाही. एकेक फ्यूज काढत गेलो, तेव्हा आतील दिव्याच्या सर्किटचा फ्यूज काढताच प्रवाह ०.०२ अँपिअरवर आला. त्या सर्किटची वायर नेमकी कुरतडलेल्या जुडग्यातूनच जाते. तेथील जुनी टेप सोडवली, तर तिचा डिंक काकवीसारखा पाघळून बोटांना चिकटला आणि आत ओल होती. एका वायरचे वेष्टन दोन इंच मागे सोलले, तरी तांबे काळेच निघाले.

आता माझे प्रश्न. तांबे काळे पडलेला भाग पूर्ण कापून, त्याच जाडीच्या ऑटो वायरचा नवा तुकडा घालून, प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवण्याचा माझा विचार आहे. हे जोड सोल्डर करावेत (कथील वितळवून) की क्रिम्प (धातूच्या नळीत दाबून)? सोल्डर वायरीत आत झिरपून ती कडक होते आणि इंजिनच्या हादऱ्यांनी जोडाच्या कडेशी तुटते, असे मी ऐकले आहे. पण साध्या पकडीने दाबलेल्या क्रिम्पवरही माझा विश्वास बसत नाही. दुसरे असे की, तुटलेल्या चार वायरींपैकी एक इंजिनच्या सेन्सरकडे जाते. तिला मधेच जोड दिला तर चालेल, की ती वायर कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत अखंडच घालावी? भंगारातील त्याच मॉडेलचे वायरिंग घेऊन त्यातले कनेक्टर वायरीच्या शेपटीसह कापून वापरण्याचा अनुभव कोणाला असल्यास तोही जरूर सांगावा.

उद्यमनगर किंवा शाहूपुरी भागात अंदाजाने वायरी न कापता मीटर लावून दोष शोधणारे कारागीर माहीत असल्यास कृपया कळवावे. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावे लागते आणि रिक्षात चढताना तिच्या गुडघ्यांना फार त्रास होतो, म्हणून मला घाई आहे. तूर्त बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली आहे. आणखी कोणती मोजमापे हवी असल्यास सांगावे, मी ती घेऊन येथेच लिहीन.