मदत हवी आहे: ग्रीसच्या बेटांची क्रूझ, सेलेस्टियल की रॉयल कॅरिबियन?

पूर्वा_कोथरूड
मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे. ग्रीसच्या बेटांची क्रूझ करायची आहे. एजंटने दोन पर्याय दिलेत आणि भाव परवापर्यंतच धरून ठेवतो म्हणतोय.

१) सेलेस्टियल, ४ रात्री, अथेन्सहून. मिकोनोस, कुशादासी, पात्मोस, ऱ्होड्स, क्रीट, सँतोरिनी.
२) रॉयल कॅरिबियन, ७ रात्री, व्हेनिसहून. कोटोर, कोर्फू, सँतोरिनी, मिकोनोस आणि दोन दिवस नुसता समुद्र.

नवऱ्याला मोठं जहाज हवंय, मला बेटं हवीत. कुठलं घेऊ? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, यूट्यूब सगळं पालथं घालून झालंय.

चौकस
महिना कोणता? किती जण? लहान मुलं, म्हातारी माणसं? व्हिसा आहे की काढायचाय? यातलं काहीच न सांगता "कुठलं घेऊ" म्हणालात तर छापा-काटा करूनच सांगावं लागेल.

पूर्वा_कोथरूड
मे महिना. सहा जण. व्हिसाचं एजंट बघेल. प्रश्न फक्त जहाजाचा आहे.

दर्यावर्दी
मे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निरभ्र आणि वारा मात्र दिवसचे दिवस पडत नाही. मग कप्तान मिकोनोस किंवा सँतोरिनी सरळ गाळतो आणि प्रवासी स्वागतकक्षावर भांडतात. मेमध्ये ती भीती बरीच कमी.

बाकी माझं मत विचाराल तर मोठं जहाज. लाटेवर कमी हलतं. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. वरची आणि टोकाची केबिन झुलते सगळ्यात जास्त.

नाक्यावरचा
क्रूझ हा प्रकारच मला कळलेला नाही. एवढे पैसे खर्चून बेटावर चार तास उतरायचं, फ्रिजवरचं चुंबक घ्यायचं आणि परत बुफेला धावायचं. ग्रीसला जायचं तर फेरीने जा. पिरेयसहून रोज बोटी सुटतात. पारोस, नाक्सोस, सँतोरिनी, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री राहायचं. संध्याकाळी क्रूझवाले निघून गेले की गाव खरं दिसतं. खर्चही निम्मा.

मीनल_ताई
@नाक्यावरचा, सहा जणांच्या बॅगा घेऊन तीन बेटं आणि तीन हॉटेलं? पिरेयसहून सँतोरिनीला साधी बोट आठेक तास घेते, वेगवान घेतली तरी पाचच्या आसपास. एकट्यादुकट्याला ठीक आहे हो. क्रूझचं सुख एकच, बॅग एकदा उघडायची.

नाक्यावरचा
बॅग उघडायला युरोपला जायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

चौकस
पूर्वा, "व्हेनिसहून" असं लिहिलंय तुम्ही. पत्रकात शेजारी कंसात रावेन्ना असं बारीक अक्षरात असेल, बघा. २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून, जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. रावेन्ना व्हेनिसहून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे विमानाने व्हेनिस, मग बसने दोन-अडीच तास, मग जहाज. परतीला तेच उलटं. रोमच्या क्रूझचंही असंच, "रोम" म्हणजे चिविताव्हेक्किया.

आणि पहिल्या पर्यायात अथेन्स म्हणजे पिरेयस की लाव्रिओ तेही विचारा. पिरेयस गावाला लागून, लाव्रिओ साठेक किलोमीटर लांब.

पूर्वा_कोथरूड
हो, रावेन्ना आहे कंसात. एजंट म्हणतो बसची सोय होते. अथेन्सचं विचारते. पण मला अजून कोणी "हे घ्या" असं सांगितलेलंच नाही.

रावेन्नाप्रेमी
रावेन्नाला हसू नका! तिथल्या चर्चमधली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेइक पाहिल्याशिवाय इटली पाहिली असं म्हणूच नये. सान व्हिताले आणि गाला प्लाचिदियाची समाधी, दोन्ही चालत होतात. एक दिवस आधी पोचा आणि तिथेच राहा.

मीनल_ताई
सहा जण म्हणजे कोण कोण? चार आणि दोन की तीन आणि तीन? कोणी एकटं एका केबिनमध्ये राहणार असेल तर बहुतेक कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं लावतात. आणि जेवणाचं काय? शाकाहारी आहात का?

पूर्वा_कोथरूड
मी, नवरा, आई, आणि भाऊ-वहिनी-भाचा बर्मिंगहॅमहून येणार. भाच्याच्या शाळेची हाफ टर्म (सत्राच्या मधली सुट्टी) असल्यामुळे मेचा शेवटचा आठवडाच जमतो. आई शाकाहारी, बाकी सगळं खातो. आईचे गुडघे दुखतात, पण ती हिंडतेफिरते.

दर्यावर्दी
हे आधी सांगायचं ना हो! सगळं गणितच बदललं.

सँतोरिनीला मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज कॅल्डेरात (ज्वालामुखीच्या समुद्राने भरलेल्या विवरात) उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटी तुम्हाला फिरा या मुख्य गावाच्या खाली जुन्या बंदरात नेतात. तिथून वर जायला रोपवे, नाहीतर गाढव, नाहीतर पाचशेच्यावर पायऱ्या. रोपवेला चार-पाच जहाजांची माणसं एकदम आली की उन्हात रांग. टेंडरमध्ये उतरताना फळी खालीवर होते, दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि "आता" म्हटलं की पाय टाकायचा. ज्याचा गुडघा त्या क्षणी वाकत नाही त्याचे हाल होतात. व्हीलचेअर असेल तर समुद्र पाहून नकारही देतात.

बाकीची बंदरं: ऱ्होड्स, इराक्लिओ (क्रीट), कुशादासी आणि कोर्फू इथे जहाज धक्क्याला लागतं. पात्मोसला बहुधा टेंडर. मिकोनोसला नव्या बंदरात जागा मिळाली तर धक्का, नाहीतर टेंडर. कोटोरचंही तसंच.

कुणकेश्वरकर
टेंडर म्हणजे आपला पडावच की! माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडला जायचे. बोट बाहेर समुद्रात उभी, पडाव खाली हेलकावे खातोय, आणि वरून ट्रंका, फणस, पोरं, सगळं एकेक करून खाली द्यायचे. आजी नऊवारी सावरत उतरायची. गुडघ्यांचं कौतुक कोणाला होतं तेव्हा!

मालवणी_मासो
ग्रीसाक कित्याक जातास? मालवणाक येवा, सिंधुदुर्ग किल्लो बघा, सोलकढी पिया.

सारंग_ठाणे
अवांतर: कॉर्डेलियाची मुंबई-गोवा क्रूझ केली आहे का कोणी? आधी ती करून बघा. व्हिसा नको, विमान नको, जहाज मानवतं का तेही कळतं.

पूर्वा_कोथरूड
कृपया धागा भरकटवू नका. मालवण आमचं दर वर्षी होतं.
दर्यावर्दी काका, म्हणजे आईला न्यायचंच नाही का?

दर्यावर्दी
न्यायचं की. सँतोरिनीची जहाजाचीच सहल घ्या. त्या लोकांना बऱ्याचदा आधी अथिनिओस बंदरात उतरवतात, तिथून बस वळणावळणाने वर नेते. उतरताना फक्त रोपवे करावा लागतो. स्वतःचं स्वतः फिरणारे मागून टेंडरच्या क्रमांकाची वाट बघत बसतात.

किंवा आईंना त्या संध्याकाळी जहाजावरच राहू द्या. कॅल्डेराचा कडा खालून, डेकवर खुर्ची टाकून, वरच्यापेक्षा चांगला दिसतो हे माझं प्रामाणिक मत. वर इआ गावाला सूर्यास्त बघायला गेलात की लोकांच्या डोक्यांची मागची बाजू दिसते.

मीनल_ताई
सँतोरिनीला आता क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८००० ची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकी झुंबड उडत नाही. शिवाय २०२५च्या जुलैपासून ग्रीस उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशावर कर घेतं. सँतोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये १२. बाकी बंदरांना बराच कमी. मेच्या शेवटी जाताय म्हणजे सँतोरिनी ३१ मेच्या अलीकडे येतं की पलीकडे ते बघून घ्या. हा कर भाड्यात धरलाय का तेही. आणि रोजची टिप वेगळी. मोठ्या अमेरिकन जहाजांवर ती माणशी दिवसाला १८ डॉलरच्या आसपास, सहा जणांची सात रात्रींची करून बघा.

बकिंगहॅमचा_वाडा
व्हिसाचं "एजंट बघेल" वर सोडू नका. पर्याय १ मध्ये कुशादासी आहे, ते तुर्कस्तान. पर्याय २ मध्ये कोटोर, ते माँटेनेग्रो. दोन्ही शेंगेनबाहेर (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट). बाहेर पडून परत ग्रीसमध्ये येणार, तेव्हा शेंगेन मल्टिपल एंट्रीचाच हवा. सिंगल मिळाला तर सगळंच अडेल.

माँटेनेग्रोला वैध शेंगेन असला की भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. तुर्कस्तानचा ई-व्हिसा शेंगेन, यूके, अमेरिका किंवा आयर्लंडचा व्हिसा असलेल्या भारतीयांना मिळतो. पण भाऊ यूकेत आहे म्हणालात ना? पासपोर्ट कोणता? भारतीय असेल तर घोळ आहे. यूकेने राहण्याच्या परवान्याची कार्डं बंद करून सगळं ऑनलाइन केलंय आणि तुर्कस्तान आधाराला इलेक्ट्रॉनिक परवाना धरत नाही.

चौकस
@बकिंगहॅमचा_वाडा, घोळ कसला? भारतीय पासपोर्ट असेल तर अथेन्सला उतरायला त्याला शेंगेन काढावाच लागणार. तो पासपोर्टवर चिकटवलेला असतो. तोच दाखवायचा.

बकिंगहॅमचा_वाडा
बरोबर. पण त्याला ते माहीत हवं ना. आमच्या इथे लोक यूकेचा परवाना दाखवायला जातात आणि मग ईमेल करत बसतात.

सातासमुद्रापार
क्रूझने येणाऱ्यांना कुशादासीत व्हिसा लागतच नाही. ७२ तासांपर्यंत बंदराच्या गावात सूट आहे. उगाच घाबरवू नका लोकांना.

बकिंगहॅमचा_वाडा
सूट आहे, पण ती तिथल्या पोलिसांच्या परवानगीने. आणि तुम्हाला जहाजात घ्यायचं की नाही हे ठरवते क्रूझ कंपनी. चेक-इनच्या काउंटरवर तिने व्हिसा मागितला तर ७२ तासांचा नियम वाचून दाखवणार का? कंपनीकडून लेखी घ्या.

चौकस
आणि शेंगेनचा अर्ज कुठे करायचा ते पर्यायावर ठरतं. १ घेतलात तर सरळ ग्रीस. २ मध्ये इटली आणि ग्रीस दोन्ही, जिथे जास्त दिवस तो देश, दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवता तो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीसाठी अर्धा महाराष्ट्र रांगेत असतो, तेव्हा तारीख आजच बघा. भाव परवा संपतोय यापेक्षा व्हिसाची तारीख कधी मिळते हे महत्त्वाचं.

पूर्वा_कोथरूड
भावाचा पासपोर्ट भारतीयच आहे, त्याला हे सगळं पाठवलं. एजंट म्हणतो अथेन्स म्हणजे लाव्रिओ. आता माझा खरा प्रश्न: १ मध्ये ४ रात्रीत सहा ठिकाणं होतात. पत्रकात क्रीट सकाळी ७ ते दुपारी १२ आहे. आईला झेपेल का?

मीनल_ताई
नाही झेपणार. ७ ते १२ म्हणजे सहाला उठणं, साडेसहाला नाश्ता, साडेअकराला परत. त्याच दिवशी दुपारी सँतोरिनी. क्नोसोस, तिथल्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, बंदरापासून जवळ आहे, पण आत दगडमाती, चढउतार आणि सावली जवळजवळ नाही. तुम्ही सगळे जा, त्या दिवशी आईंनी झोपावं.

एफेससला, म्हणजे तिथल्या प्राचीन शहराच्या अवशेषांना, मात्र न्या. कुशादासीपासून वीसेक किलोमीटर. बस वरच्या दारापाशी सोडते आणि संगमरवरी रस्ता उतरत सेल्ससच्या ग्रंथालयापाशी येतो. उताराला गुडघा बोलतो, म्हणून हातात काठी द्या. फरशी गुळगुळीत आहे. ऱ्होड्सचं जुनं गाव धक्क्यावरून चालत गाठता येतं, पण रस्ते गोट्यांचे. सपाट तळव्याचे बूट.

नाक्यावरचा
म्हणजे सहा बंदरांपैकी दोनच बघायची. मी म्हणत होतो ते हेच. नाक्सोसला घर घ्या, आईंना अंगणात बसवा.

माल्टाभक्त
कोणी माल्टाचं नावच घेत नाहीये! पश्चिमेकडची एमएससी किंवा कोस्टा कंपनीची क्रूझ बघा: मायोर्का, सार्डिनिया, सिसिली, व्हॅलेटा. बहुतेक ठिकाणी धक्का. पहाटे जहाज व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिरताना दोन्ही बाजूंनी पिवळ्या दगडाचे बुरूज अंगावर येतात, आणि बंदरातून वर गावात जायला चक्क लिफ्ट आहे. गुडघ्याला यापेक्षा काय हवं? वेगवेगळ्या बंदरांत चढताही येतं, भाऊ एका ठिकाणी चढेल, तुम्ही दुसऱ्या.

पूर्वा_कोथरूड
माल्टा छान वाटतंय, पण आईला सँतोरिनीच बघायचंय. कॅलेंडरवर फोटो आहे तिच्या खोलीत. निळे घुमट.

दर्यावर्दी
मग दुसरा पर्याय घ्या. दोन दिवस समुद्राचे आहेत ते आईंना विश्रांतीचे. लिफ्टही जास्त. शाकाहारी जेवणाची चिंता नको, रॉयल कॅरिबियनच्या बुफेत भारतीय पदार्थ असतात. रावेन्नाला आदल्या दिवशी पोचा. जहाजाच्या दिवशीच विमान उतरवणं हा जुगार आहे.

चौकस
असहमत. सहा जणांची टिप, रावेन्नाची बस, हॉटेल, परतीचा प्रवास, हे सगळं धरून दोन्ही पर्यायांचा एकूण आकडा इथे टाका, मग बोलू. आणि भाच्याच्या शाळेत सात रात्री अधिक दोन प्रवास बसतात का? हाफ टर्म एका आठवड्याची असते.

पूर्वा_कोथरूड
शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात, भाऊ म्हणतो विमान जुळलं तर बसेल, नाहीतर नाही. आकडा आज रात्री टाकते. तोवर एवढंच सांगा: २ मध्ये आईसाठी वेगळी केबिन घ्यायची की भाच्याला तिच्याबरोबर ठेवायचं? तो सात वर्षांचा आहे.

मीनल_ताई
भाचा आणि आजी एकत्र ठेवा, दोघांच्या भाड्यात काम होईल. नाव नोंदवताना आजीचं नाव त्याच केबिनवर मोठं माणूस म्हणून टाका आणि भाऊ-वहिनीची केबिन शेजारची, मधे दार असलेली मागा. अशा केबिन थोड्या असतात, एजंटला आजच फोन करा. आणि पोराला आतल्या पलंगावर झोपवा, बाल्कनीच्या दाराची कडी वर असते तरी.

सारंग_ठाणे
कॉर्डेलियाबद्दल कोणी सांगेल का? जैन जेवण मिळतं का त्यात?