खाऱ्या हवेत हँडबेल्स कशा जपायच्या? मदत हवी आहे

आम्ही वेंगुर्ल्यात हँडबेल्स, म्हणजे हातात धरून हलवायच्या, प्रत्येकी एकाच स्वराच्या घंटा वाजवतो. दोन सप्तकांचा, २५ घंटांचा जुना संच आहे. प्रत्येकाच्या हातात बहुधा दोनच घंटा, म्हणजे दोनच स्वर. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांकडे कान द्यायचा, वाजवायची आणि खांद्याला टेकवून नाद थांबवायचा. एकट्याला चाल वाजवताच येत नाही, आणि हीच यातली खरी मजा. म्हणून संच हातचा जाऊ द्यायचा नाहीये.

घंटा काशाच्या, म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. बोटांचे ठसे काळे पडतात म्हणून सगळे सुती हातमोजे घालतो, वाजवून झाल्यावर मऊ फडक्याने पुसतो. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही आहेत. तरी मृगापासून दोन गोष्टी बिघडतात: कडेला हिरवट डाग येतात आणि लोलकाच्या (घंटेवर आतून आपटणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगला गंज धरतो. मग लोलक अडखळतो, हळू वाजवलं की स्वर उमटतच नाही.

चिंच, लिंबू, पितांबरी नको. घासून धातू झिजला तर स्वर बदलेल. एसी खोली नाही, वीजही जाते-येते. संच दुरुस्तीला परदेशी पाठवणं परवडणारं नाही.

काशाची वाद्यं किनाऱ्यावर सांभाळणाऱ्यांनी सांगावं: डागांवर मेणाचा पातळ हात दिला तर नाद दबतो का? आणि स्प्रिंगला कोणतं तेल, किती लावायचं, की आतल्या चामड्या-फेल्टवर ओघळणार नाही?